संवेदना सभा

निवृत्त झाल्यावर माणसाने गप्प बसावं. मला ते जमलं नाही. रत्नागिरीत दोन दिवसांचं शिबिर केलं आणि पूर्णगडच्या बायकांना अंगात काय चाललंय ते ओळखून मन शांत करायला शिकवायचं, असं परस्पर ठरवून टाकलं.

जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे सूचना लिहिताना हात आखडला नाही. समाजमंदिराच्या फळ्यावर लिहिलं, 'मंगळवारी दुपारी तीन वाजता संवेदना सभा. सर्व महिलांनी हजर राहावे.' फळ्याचा फोटो बायकांच्या ग्रुपवर फिरला. शब्द अचूक होता. माझे शब्द अचूकच असतात, तोच माझा रोग आहे.

मंगळवारी झाडून सगळ्या आल्या आणि वेळेवर आल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. कुणाच्या डोक्यात गजरा नाही. मासळीच्या लिलावात ज्यांचा आवाज खाडीपलीकडे जातो, त्या बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. मी मनात म्हटलं, वा, गट तयार आहे.

"डोळे मिटा," मी सांगितलं. सगळ्या उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"बसूनच," मी म्हटलं.

पुढची म्हातारी बसली, पण डोळे उघडे ठेवून. दाराकडे बघत तिने हळूच विचारलं, "बाई, पण गेला कोण?"

"कुणी नाही गेलं. संवेदना म्हणजे अंगाला जाणवतं ते."

"मग तसा लिवायचा ना. आमच्याकडं संवेदना बॅनरवर येते, मेलेल्याच्या फोटोखाली."

हशा झाला. मीही हसले. दाराशी बसलेली एकजण तेवढी हसली नाही. तिचा नवरा परदेशी जहाजावर खलाशी, आणि अकरा दिवस त्याचा फोन नव्हता. हे मी सोडून गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फळ्याचा फोटो पाहून सगळ्यांच्या मनात त्याचंच नाव आलं होतं, आणि तिच्याही.

"म्हणजे आमचे हे बरे हायत?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी फक्त शब्द चुकीचा लिहिला." इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

अशा वेळी अंगात कुठे काय होतंय ते विचारावं, असं शिबिरात शिकवलं होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून विचारलं.

"पाय नायत," ती म्हणाली. "घरातून निघाले तेव्हापास्नं नायत."

म्हातारी सरकत दाराशी गेली, तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तळवे चोळायला लागली. मी श्वास मोजायला सांगणार होते, ते राहूनच गेलं.

"आता?" म्हातारीने विचारलं.

"उजवा आला."

"आणि डावा?"

"तो फोन आल्यावर येल."

घरी जाण्याआधी मी माझा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घातला आणि फळा पुसला.

शनिवारी मी सार ढवळत होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"बाई, डावा आला."

मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले. माझे दोन्ही गेले होते.