नासेरच्या कोटाचं माप

औंढ्यात कोन कुठल्या पार्टीत गेलं, कुनाचं कुनाशी जमलं, हे मला सगळ्यात शेवटी कळतं. बायको सांगती तवा. पन गुलशन ब्रास बँडमधून कोन चाललं अन् कोन येऊन राहिलं, हे मात्र सगळ्यात आधी मला कळतं, कारन बँडचे कोट माझ्याकडं येतात. मी ओमप्रकाश, शिंपी. नागनाथाच्या देवळाकडं जायच्या रस्त्यावर माझं दुकान हाय. हजारो मानसं पुढून जातात, थांबत कुनी न्हाई. देवाला आलेला मानूस पायजमा शिवून घेत नसतो.

एकोणनव्वद साली त्या बँडचे नऊ कोट म्या शिवले. लाल कापड, सोनेरी दोरी, खांद्यावर झालर. असलं कापड पुन्हा मिळालं न्हाई, म्हनून मानूस बदलला की तोच कोट उसवायचा अन् नव्याच्या मापाला आनायचा. क्लॅरनेटचा कोट आजवर पाच जनांनी घातला. एक पुण्याला वॉचमन झाला, एक डीजेच्या गाडीवर गेला, एकाला बायकोनं घराबाहेर पडू दिलं न्हाई, अन् एक तर पुसेगावच्या लग्नात वाजवायला गेला तो करवलीच्या मागंच गेला, कोट तेवढा टेम्पोत ठेवून गेला. इमानदार म्हनायचा! पाचव्याचं नशीब अजून बघायचं हाय.

नऊमधला एकच कोट पुन्हा कधी माझ्या मशीनखाली आला न्हाई. तो नासेरचा. नासेर म्हंजे बँडचा मास्तर, ट्रंपेट वाजवनारा, अन् माझा शाळेपासूनचा दोस्त. बाप पिंजारी, गाद्या पिंजायचा. ह्यानं परभणीच्या पोलीस बँडातल्या एका रिटायर हवालदाराच्या पाया पडून ट्रंपेट शिकली. छाती बेचाळीस. फुंक मारली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. पयल्या नऊ जनांत आता तो एकटाच उरला. रोज चार वाजता माझ्या दुकानात येऊन बसतो, चहा पितो, माझ्या शिलाईला नावं ठेवतो. पस्तीस वर्षांत ह्यात खाडा न्हाई.

पन ह्या नासेरला एक तकलीफ व्हती. कुनाला 'तू जा' असं तोंडावर म्हनता यायचं न्हाई त्याला. लग्नाच्या मालकाशी भांडंल, पन आपल्या मानसापुढं शेळी. मग तो काय करायचा, ज्याला काढायचं त्याचा कोट गुपचूप माझ्याकडं आनायचा, संगं नव्या मानसाचं माप. कोट परत बँडच्या खोलीत खुंटीवर लागायचा. जुना मानूस यायचा, कोट हातात घेताच समजायचा अन् निघून जायचा. कुनी काही बोलायचं न्हाई. बँडचा रिवाजच पडला तो.

भावसिंगच्या वक्ताला मात्र वाईट झालं. भावसिंग तांड्यावरचा, ढोलवाला, पयल्या नऊमधलाच. ऐकू कमी यायला लागलं अन् ठेका चुकायला लागला. त्याचा कोट म्या एका लुकड्या पोराच्या मापाला आनला. भावसिंग खोलीत आला, गप्पा मारता मारता त्यानं कोटात हात घातला. हात कोपरापाशी अडकला. त्याला वाटलं अस्तर गुंतलं, म्हनून जोर लावला. सगळे बघून राहिले. मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात काढला, कोट नीट घडी करून ठेवला अन् राम राम करून गेला. नासेर माझ्या दुकानामागं जाऊन लेकरासारखा रडला. मला म्हनला, "ओम्या, माझ्यावर ही पाळी आली ना, तर तू मला आधी सांगशील. खुंटीपाशी न्हाई." मी व्हय म्हनलो.

आता बँड त्याचा पोरगा मुबश्शीर चालवतो. फोनवर बुकिंग घेतो, कुठं किती वाजता जायचं ते ठरवतो. पोरगं चांगलं हाय, पन कानात सदा काहीतरी घालून राहतं. गेल्या पावसाळ्यात त्यानं आमाला मोबाईलवर हॉलंडचा एक बँड दाखवला. लांब केसांचे बाप्ये, मान तुटंल असं हलवून राहिले, अन् मधला एक असा वरडून राहिला की म्या म्हनलं ह्याला आधी दवाखान्यात न्या. मुबश्शीर म्हनला, "काका, ह्याला डेथ मेटल म्हनतात. हा बँड आपल्याएवढाच जुना हाय. मानसं सारखी बदलली, सुरुवातीचा आता एकच उरला."

मी हसलो. नासेर हसला न्हाई. त्यानं विचारलं, "बाकीच्यांना कुनी काढलं?"

"काही सोडून गेले, काहींना त्यानंच काढलं."

"अन् त्याला कोन सांगनार?"

मुबश्शीरनं मोबाईल खिशात घातला. तवापासून मला धाकधूक सुरू झाली. नासेरचे पुढचे दोन दात हलत व्हते, सूर फुटत व्हता. जवळा बाजारच्या लग्नात वरचा सूर लागलाच न्हाई, तवा दिपकनं तो उचलून घेतला. दिपक म्हंजे तांड्यावरचाच, दुसरा ट्रंपेटवाला, तयारीचा गडी.

अन् मग त्या सोमवारी मुबश्शीर पिशवी घेऊन आला. गाडीवरून उतरलाबी न्हाई, फोन कानालाच. पिशवी फळीवर ठेवली, चिठ्ठी दिली. "काका, गुरुवारी कुरुंद्याचं लग्न हाय, सकाळी नऊला नेतो. अब्बाला सांगू नका बरं का!" अन् गेला भुर्रकन.

पिशवीत नासेरचा कोट व्हता. चिठ्ठीवर लिवलं व्हतं, छाती छत्तीस.

मापाची वही काढली. दिपक, छाती छत्तीस. म्हंजे मास्तरचा कोट आता दिपकच्या अंगावर. आता अजून काय पाह्यचं राहिलं? पोटच्या पोरानं बापाला काढलं, अन् कात्री माझ्या हातात! शिव्या देत देत म्या टाके उसवले. मंगळवारी चार वाजता नासेर आला, चहा पिला, गेला. मला बोलता आलं न्हाई. रात्री जेवन गेलं न्हाई.

आशाबाई, माझी बायको, म्हनली, "अवो, तुमी मुबश्शीरला नीट विचारलं का?"

"काय विचारायचं? कोट काय खोटं बोलतो का?"

"कोट बोलतच न्हाई," ती म्हनली. "तुमीच बोलून राहिले त्याच्या वतीनं."

बायकोचं ऐकलं असतं तर हे लिवायची पाळी आली नसती. बुधवारी नासेर बसला तसं म्या मशीन थांबवलं अन् सांगून टाकलं.

त्यानं कपबशी खाली ठेवली. "खुंटीवर कोट न्हाई, सोमवारपासून बघून राहिलो. वाटलं धुवायला दिला असंल. कितीचं माप?"

"छत्तीस."

"दिपक," तो आपनच म्हनला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बराबर केलं सांगितलंस. मला खुंटीपाशी उभं न्हाई केलंस. मुबश्शीरला काही बोलू नको, पोरगं हाय, त्याला तोंडावर म्हनता आलं नसंल. माझ्यावरच गेलं ते."

हसतच गेला. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या घडीला मला बरं वाटलं.

गुरुवारी नऊ वाजता मुबश्शीर कोट न्यायला आला. बँडचा टेम्पो आठलाच कुरुंद्याला गेला व्हता. मी कोट त्याच्या अंगावर फेकला. "घे! बापाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर चढवतो, लाज न्हाई वाटत?"

त्यानं कोट झेलला. "कुनाच्या अंगावर, काका? हे अब्बाचंच माप हाय."

"काय बोलून राहिला?"

"अब्बा दुपारी झोपले तवा सुतळी लावून घेतलं. कोट पार लोंबून राहिला त्यांच्या अंगावर. जवळा बाजारला वरातीतली पोरं हसली, अब्बाच्या कानावर गेलं. वजन उतरलं म्हनलं की भांडतात, भाकर पुढं केली की दात दुखतो म्हनतात. डॉक्टर म्हनले, हे दाताचं न्हाई, तपासन्या करा. येत्या सोमवारी नांदेडला नेऊन राहिलो." त्यानं कोटाची झालर सारखी केली. "म्हनलं, कोट अंगावर नीट बसला तर त्यांना बरं वाटंल."

काल काय सांगितलं ते त्याला सांगितलं. त्यानं लगेच बापाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग मी दुकान उघडंच टाकून त्याच्या मागं गाडीवर बसलो.

कुरुंद्यापर्यंत मी कोट छातीशी धरून मनातल्या मनात म्हनत व्हतो, अजून वाजवायला सुरुवात झाली नसंल, नवरदेव तयार व्हायचा असंल, लग्नं कधी वेळेवर लागतात? गावाबाहेर हळद वाळत घातली व्हती, तिथूनच बँड ऐकू आला. वरचा सूर स्वच्छ लागत व्हता. नासेरचा न्हाई, हे मला तिथंच कळलं.

मारुतीच्या देवळापाशी वरात उभी व्हती. दिपक पुढं व्हता, हातात नासेरची ट्रंपेट, डोळे लाल. टेम्पोचा डायवर किसनसिंग आमाला म्हनला, "नासेरचाचांनी समद्यांसमोर वाजा दिपकच्या हातात दिला. आजपासून हा मास्तर म्हनले. दिपक पाया पडला, न्हाई न्हाई म्हनला. चाचांनी ऐकलं न्हाई."

नासेर टेम्पोच्या फळीवर बसला व्हता, पांढऱ्या सदऱ्यात. मला बघून म्हनला, "तू कशाला आला रे? चांगला वाजवतो पोरगा, ऐक."

म्या कोट उलगडला. "घाल."

"थट्टा करतो का ओम्या?"

"घाल म्हनलं ना!"

त्यानं एक हात घातला, हळू, कोपरापाशी थांबला. मग हात सरळ आत गेला. दुसराबी गेला. त्यानं बटनं लावली, खालपासून वरपर्यंत. कुठं सुरकुती न्हाई, कुठं ओढ न्हाई. असा कोट म्या आयुष्यात बसवला न्हाई.

तो खाली आपल्याच अंगाकडं बघत राहिला. "हा छत्तीस हाय?"

"व्हय."

"मग हा मला कसा आला?" त्यानं कोटावरून बरगड्या चाचपल्या, एका बाजूनं, मग दुसऱ्या. मुबश्शीरकडं बघितलं. मुबश्शीर रडून राहिला व्हता. मग माझ्याकडं वळला. "ओम्या, तू तर रोज माझ्यापुढं बसतो. तुला काहून दिसलं न्हाई?"

वरात पुढं सरकली, बँड तिच्यासंगं गेला. मी फळीवर त्याच्याजवळ बसलो, त्याचा हात धरला. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.