सिराह आणि करपलेलं दूध

काळी मिरी कुटली की मीरा रोडच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. नवरा एका मोठ्या हॉटेलसाठी वाइन चाखून निवडायचा, आणि तापातून उठल्यापासून माझ्या प्रत्येक भाजीला सारखंच ‘छान’ म्हणायचा. मला संशय होताच. त्या दिवशी सिराह नावाच्या लाल वाइनचा पेला नाकाशी धरून तो जुनी वही बघत ‘मिरी, जांभूळ’ असं लिहीत होता. मी गॅसवरचं दूध मुद्दाम करपू दिलं. शेजारीण दार वाजवून म्हणाली, “भाभी, कुछ जल रहा है क्या?” तेव्हा कुठे त्याने मान वर केली. “कधीपासून वास येत नाही?” मी विचारलं. “दोन महिने. कुणाला सांगू नकोस, नोकरी जाईल.” मी पेला ओढून घेतला. वाइन दाट होती, जिभेवर जरा तुरट. “मिरी आहे, पण जांभूळ नाही. करवंद, पिकलेलं.” त्याने जांभूळ खोडून करवंद लिहिलं. पुढे प्रत्येक बाटली आधी घरी येऊ लागली. काही वर्षांनी तो वारला, तेव्हा हॉटेलातली माणसं भेटायला आली. “असं नाक पुन्हा मिळायचं नाही, वहिनी,” त्याचे साहेब म्हणाले, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.