आता किंवा थोड्या वेळाने

ऑफिसात सगळे त्यांना बटणमास्तर म्हणत. यंत्राच्या पडद्यावर कोणतं बटण कुठे असावं, केवढं असावं, दाबल्यावर त्याने काय करावं, हे ठरवण्यात या माणसाचा जन्म गेला. तिकिटाचं यंत्र, कपडे धुण्याचं यंत्र, दवाखान्यात नंबर देणारं यंत्र, सगळ्यांना बोलायला यांनीच शिकवलं. बटण दाबलं की ते किंचित आत गेल्यासारखं दिसावं, बारीक आवाज यावा, म्हणजे आपलं म्हणणं पोचलं एवढं तरी माणसाला कळतं, यावर ते तासन्‌तास बोलत. ऐकणारे जांभया देत. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे.

नव्या पडद्याची पहिली परीक्षा घरी व्हायची. बायको लोकांचे कपडे शिवायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा शिलाई मशीनपेक्षा जोरात चालायचा. जागेवरून न उठता ती पडद्याला बोट लावायची आणि मास्तरांच्या आठवडाभराच्या मेहनतीवर पाणी ओतायची. तिकिटाच्या यंत्रावर रद्द करायची सोय नव्हती तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, ज्याला नको असेल त्याने काय करायचं? यंत्रापुढे म्हातारं व्हायचं?" मास्तरांनी त्याची मनाशी पक्की गाठ मारून ठेवली. ज्याला नाही म्हणता येत नाही असा प्रश्न म्हणजे फसवणूक, असं सांगत ते हाताखालच्यांना फैलावर घेत.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिळता येईना म्हणून नाकातून पोटात नळी घातली. समज मात्र शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. आता यापुढे सुधारणा होणार नाही, हेही म्हणाले. पहिलं वाक्य मास्तरांनी धरून ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं.

त्यांनी तिच्यासाठी पडदा बनवला. पलंगाच्या कठड्याला टॅब्लेट अडकवला, डाव्या हाताच्या बोटाला पोचेल असा. त्यावर पाणी, पंखा, कूस, दुखणं अशी चित्रं ठेवली. पहिल्याच दिवशी तिने पंखा बंद करायला लावला, लगेच चालू करायला लावला, पुन्हा बंद करायला लावला, आणि ओठाचा चांगला कोपरा उचलून हसली. मास्तर स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. घर परत बोलायला लागलं होतं.

घोडं अडलं ते जेवणापाशी. नळीतून पातळ जेवण सोडण्याआधी पडदा विचारायचा, जेवण द्यायचं का? खाली हो आणि नको. तिने नको दाबलं. पुढच्या वेळीही नको. बोट घसरत असेल म्हणून मास्तरांनी नको कोपऱ्यात सरकवलं. तिचं बोट कोपऱ्यात गेलं. त्यांनी ते लहान केलं, फिकट केलं, तरी तिने शोधून काढलं. मग त्यांनी दाबल्यावर 'नक्की?' असं विचारायला लावलं. तिने नक्की दाबलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली. प्रत्येक वेळी मास्तर म्हणायचे, चुकून लागलं हं, आणि जेवण सोडायचे.

तिची धाकटी बहीण रोज दुपारी येऊन बसायची. तिने हे सगळं पाहिलं आणि एकदा त्यांना दाराबाहेर बोलावलं.

"ताई चुकून दाबत नाहीये, भाऊजी. तिला नकोय."

"काय नकोय?"

"ती नळी. हे सगळंच."

मास्तर तिच्यावर भडकले. बहीण असून असं बोलवतं कसं, म्हणाले. तिला पुन्हा येऊ नकोस असंही म्हणून गेले. पण तिचं म्हणणं खरं होतं आणि त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी पडदा बदलला. जेवणाच्या प्रश्नाखाली दोनच बटणं उरली: आता, आणि थोड्या वेळाने.

तिने ती वाचली. बोट उचललं, नको जिथे असायचं त्या कोपऱ्यावर नेलं आणि रिकाम्या काचेवर दाबलं. काही आत गेलं नाही, आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबलं. मग मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्याचे पडदे तपासलेल्या बाईला यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांना त्या नजरेपुढे उभं राहवेना. ते भांडी घासायला निघून गेले.

त्यानंतर तिने पडद्याला हात लावला नाही. पाणी नाही, पंखा नाही, दुखणंही नाही. हाताला काहीतरी झालं असेल म्हणून मास्तरांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बोट पुढे केलं तर तिने ते घट्ट धरलं. हात धडधाकट होता.

मास्तरांनी हार मानली. नको परत आणलं, पडदाभर, लालभडक. तिचा हात उचलून काचेजवळ ठेवला. "दाब ना," ते म्हणाले, "दाबलंस तर ऐकेन मी. शप्पथ ऐकेन." तिने डोळे मिटून घेतले. खरंच ऐकलं असतं का, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

ते बराच वेळ तिच्या बोटाकडे बघत बसले. जेवण निवायला लागलं होतं. मग त्यांनी नळीचं टोपण काढलं, आणि हळूहळू, सांडू न देता, सगळं आत सोडलं.