पाक जारोतांची गारेगार अडगळ

आमच्या गल्लीत कुणाच्या घरातला एसी बंद पडला, की त्याची खबर सगळ्यात आधी पाक जारोतांना लागायची. आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने पाक म्हणतात आणि बाईला बू. घरातली माणसं अजून रिमोटचे सेल बदलून बघत असायची, तोवर हे दारात हजर. पायात रबरी चपला, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि सदऱ्याच्या खिशात एक झिजलेला टूथब्रश. "बघू का जरा?" असं विचारायचे खरे, पण आपण हो म्हणेपर्यंत स्टुलावर चढलेले असायचे.

जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. एसीचं काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. निवृत्तीनंतर घरी बसून बसून कंटाळा आला म्हणून एका दुपारी बैठकीतला एसी उघडला, टूथब्रशने जाळी घासली, कपॅसिटर बदलला आणि तो चक्क सुरू झाला. त्या दिवसापासून माणूस गेला कामातून. आमच्या सुराबाया शहराच्या उकाड्यात आम्हाला मात्र देवच भेटला. कारागिराला फोन करा, तो येतो म्हणून येतच नाही, ही कटकटच मिटली. त्यांची बिदागी म्हणजे एक पेला कडक कॉफी आणि तुमच्या एसीतला मेलेला भाग.

"हा पंखा गेला हो, बू युलिस," ते मला हळहळत सांगायचे. "काही उपयोग नाही याचा. राहू दे माझ्याकडे."

मग तो पंखा, ती मोटर, ते तांब्याच्या नळीचं वेटोळं त्यांच्या मागच्या खोलीत जायचं. तिथे फळ्यांवर बरण्या मांडलेल्या. इतिहासाचा मास्तर तो, प्रत्येक बरणीवर बुडालेल्या राज्याचं नाव! मजापहितमध्ये स्क्रू, मातारामात वॉशर. खोलीला खिडकी एकच, तीही कायम बंद. दुपारभर ते आत दार लावून बसायचे. त्यांच्या बायकोला, बू एंदांगना, कधी कधी दयाच यायची. "भट्टीत बसतो हो बिचारा," म्हणायच्या. "पण मी आत पाऊल टाकत नाही. त्या बरण्यांना धक्का लागला तर माझ्याशी आठवडाभर बोलायचा नाही."

पण यंदा त्या दयेचा शेवट जवळ आला होता. त्यांची लेक लारास पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि घरात जास्तीची खोली ती एकच. शिवाय जगाचे एसी दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बैठकीतला एसी काही महिने दुपारच्या वेळी दगा देत होता. लावला की थोड्या वेळात सगळ्या घराची वीज जायची.

इथल्या घरांना मिळणारी वीज फार बेताची. एसी लावण्याआधी घरभर ओरडून विचारायचं, इस्त्री बंद आहे ना, पंप बंद आहे ना, ही आमची रोजची आरतीच. भार जास्त झाला की पुढच्या भिंतीवरच्या मीटरचा खटका 'जेग्लेक' करून पडतो, आणि सगळं घर एका सुरात ओरडतं, "जेग्लेऽऽक!"

"कॉम्प्रेसर म्हातारा झालाय, वीज फार ओढतो," पाक जारोत सांगायचे. "भाग शोधतोय. दुपारी नकोच लावूस."

शेवटी बू एंदांगनी माझ्यादेखतच निकाल दिला.

"अहो पाक, रविवारी दुपारी आपल्याकडे भिशी आहे. सगळ्या बायका येणार. बैठकीतला एसी भिशी संपेपर्यंत चालला, तर तुमची अडगळ राहील, लारासची गादी मी बैठकीत घालीन. पण एकदा जरी जेग्लेक झालं, तर सोमवारी भंगारवाला येईल. मजापहितसकट सगळं त्याच्या हातगाडीवर."

"सगळं?" पाक जारोतांचा आवाज एवढासा झाला.

"कॉफीचा पेला तेवढा ठेवा."

रविवारी आम्ही जमलो. बैठकीतला एसी झुळझुळ चालला होता. पाक जारोतांनी स्वतः घरभर फिरून पंप बंद केला, इस्त्रीची पिन काढली, राईस कुकरची वायर तर गुंडाळूनच ठेवली. मग बायकांना हात जोडून, भिशीच्या दिवशी सगळेच पुरुष करतात तसे, गुपचूप नाहीसे झाले. मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

केळीच्या पानातला चिकट भात फिरला, आत गूळ भरलेले क्लेपोनचे गोळे फिरले. गल्लीप्रमुखांच्या पत्नी बू हेस्ती आपल्या विहिणीच्या कागाळ्या सांगत होत्या आणि आम्ही जीव ओतून ऐकत होतो. सगळं इतकं छान चाललं होतं, की बू एंदांगना रुजाकच्या चटकदार कोशिंबिरीबरोबर गरम भातही द्यावासा वाटला. त्यांनी कुकरची पिन खोचली.

जेग्लेक.

"जेग्लेऽऽक!" आम्ही सगळ्या.

बू एंदांगनी डोळे मिटून घेतले. "कुकर आणि एसी एवढ्यानं पडत नाही आमचा खटका," त्या पुटपुटल्या. "रोज रात्री दोन्ही चालतात."

मागचं दार उघडलं. खटका वर करायला पाक जारोत लगबगीने बैठकीतून निघाले आणि आम्हा बायकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. आणि या माणसाच्या अंगात जाड जाकीट होतं, गळ्यापर्यंत चेन लावलेलं. मानेला मफलर. निलगिरीसारख्या त्या आमच्या घरोघरच्या तेलाचा भपकारा त्यांच्याआधी बैठकीत पोचला.

"अगं बाई! अंगात वारा शिरला यांच्या!" बू तुमिनी उठल्याच. बू तुमिनी म्हणजे आमच्या गल्लीचा चालता दवाखाना. कुणी नुसतं शिंकलं तरी तेल लावून नाण्याने त्याची पाठ खरवडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. "बसा खाली, पाक. काढा ते जाकीट. पाठ लाल केली की लगेच उतरेल."

"नको नको, मी ठणठणीत आहे," पाक जारोत मीटरकडे सरकत म्हणाले.

"ठणठणीत माणूस असा येतो होय? एंदांग, धर गं याला!"

बू तुमिनींनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ताप नाही हो. हा तर माठासारखा गार लागतोय!"

आता एसी बंद होताच आम्ही सगळ्या घामाघूम आणि मधोमध पाक जारोत, घामाचा एक थेंब नाही. बू एंदांगनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या मागच्या खोलीकडे चालू लागल्या.

"एंदांग, बरण्या!" पाक जारोत ओरडले. "माताराम दाराजवळच आहे!"

पण त्या आत गेल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही सगळ्या.

काय सांगू! आत पाय टाकला आणि फ्रीज उघडल्यासारखं वाटलं. भिंतीवर एक एसी. त्याला एसी म्हणायचं की गल्लीचं संमेलन, हा प्रश्नच होता. पुढचं झाकण एका रंगाचं, बाजू दुसऱ्या रंगाची, फिरती पाती तिसऱ्याच घरची. खाली आरामखुर्ची, पायाशी उशी, शेजारी रेडिओ.

"हे झाकण माझं आहे!" बू हेस्ती किंचाळल्या. "हा बघा, आमच्या धाकट्याने चिकटवलेला मासा!"

"आणि आतला पंखा माझा," बू तुमिनी खालून मान वर करून बघत म्हणाल्या. "पाक, तुम्ही मला म्हणालात तो मेला. अहो, मी हळहळले होते त्याच्यासाठी!"

"मेलाच होता," पाक जारोत दारातून म्हणाले. "मी जिवंत केला."

"मग माझा मलाच का नाही दिलात?"

"तुम्ही तोवर नवा घेतला होता."

माझ्या तांब्याच्या नळीचं वेटोळंही मला तिथे भेटलं. पण आरामखुर्ची मीच आधी पटकावली होती आणि तोंड उघडून ती घालवायची नव्हती.

बू एंदांग खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. "म्हणजे बैठकीतला एसी चांगला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "दुपारी हा चालायचा, म्हणून तो लावला की खटका पडायचा. आणि मी तिकडे पुठ्ठ्याने वारा घेत, तुमची कीव करत बसायचे. घराबाहेर मागच्या भिंतीवरचं ते एसीचं दुसरं खोकं?"

"ते... जादा म्हणून ठेवलंय असं मी म्हणालो होतो."

"आज तरी दम धरायचा होता!"

"धरला होता गं. पण मी हिशोब केला, कुकर बंद, पंप बंद, दोन्ही एसी जेमतेम बसतात. तू कुकर लावशील हे..." त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं, ते शहाणपणाचंच होतं.

निकाल तिथेच लागला. एसी लारास आणि बाळासाठी राहणार. बाकी सगळं सोमवारी भंगारात. पाक जारोतांनी मजापहितची बरणी उचलून पोटाशी धरली. इतका वेळ हसणाऱ्या आम्ही, पण तो चेहरा बघून मी हातातला क्लेपोन परत बशीत ठेवला.

सोमवारी भंगारवाल्याची गाडी लागली, आणि बू हेस्ती धावत आल्या. त्यांचा एसी सकाळीच बंद पडला होता.

"कपॅसिटर गेलाय," पाक जारोतांनी बाहेरूनच सांगितलं. "होता माझ्याकडे. गाडीवर आहे, त्या रेडिओखाली."

बू हेस्ती गाडीवर चढल्या. खोटं नाही सांगत, गल्लीप्रमुखांची बायको साडेतीन माणसांच्या वजनानिशी भंगाराच्या गाडीवर! त्यांना पाहून बाकीच्यांच्याही डोक्यात उजेड पडला. उद्या आपला एसी गेला तर? जिने, माळे, पलंगाखालच्या जागा आठवू लागल्या. भंगारवाला हातगाडी रिकामी घेऊन, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेला. माझ्या वाट्याला दोन कॉम्प्रेसर आले. ते जिन्याखाली आहेत आणि माझा नवरा रोज त्यांना ठेचकाळून इतिहासाच्या मास्तरांचं नाव घेतो.

पाक जारोतांची अडगळ अशी वाचली, फक्त ती आता घरोघर पसरली. गारवा मात्र गेला. त्या खोलीत आता लारास आणि नातू. बू एंदांगचा कडक नियम असा, की पाळण्याजवळ बाळाचं काम असेल त्यानेच जायचं.

आणि काय नवल! ज्या माणसाने स्वतःच्या लेकीला कधी कडेवर घेतलं नाही, तो आता दुपारच्या जेवणानंतर हात धुऊन, "आण गं त्याला माझ्याकडे," म्हणत खोलीत शिरतो. बाळ झोपलं तरी मांडीवरून खाली ठेवत नाही. ठेवलं तर उठेल, म्हणतो. गल्लीतल्या बायका नवऱ्यांना सुनावतात, आजोबा असावा तर असा.

बू एंदांग माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. आणि मग दोघी बैठकीतला एसी बंद ठेवून, पुठ्ठ्याने वारा घेत बसतो, कारण दोन्ही एकदम लावले आणि जेग्लेक झालं, तर आत बाळ आणि आजोबा, दोघांचीही झोपमोड व्हायची.