हिरामेच्या आठ जुन्या माद्या

‘भूकंपानंतरच्या वसंतात आमच्या केंद्राने जी पिल्ले पुरवली, त्यांचे श्रेय नव्या, दमदार माद्यांना जाते.’ आमच्या माजी केंद्रप्रमुखांनी निवृत्तांच्या स्मरणिकेत असे लिहिले आहे. वाक्य सुबक आहे. खरे मात्र नाही.

त्या वेळी मी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका मत्स्यबीज केंद्रात संशोधक होतो; तिथे सगळे मला ‘इंदो-सान’, म्हणजे ‘भारतवाले’, म्हणत. पूर्व किनाऱ्यावरची केंद्रे त्सुनामीत वाहून गेली होती आणि तिथल्या कोळ्यांना समुद्रात सोडण्यासाठी पिल्ले हवी होती. मासा हिरामे, वाळूला चिकटून राहणारा, आपल्या लेपीचा थोरला भाऊ म्हणावा असा. आमच्या एका टाकीत प्रथमच अंडी घालणाऱ्या माद्या होत्या, दुसरीत आठ जुन्या. भरपूर खाऊ घालून तरुण माद्या लांबी-वजनाने जुन्यांच्या बरोबरीला आणल्या होत्या. तेव्हा जुन्या काढून टाकी मोकळी करावी, असे प्रमुखांचे मत पडले. मी विरोध केला. अंग खाद्याने वाढते. अंड्याचा कस वयाने येतो.

‘इंदो-सान,’ ते सर्वांसमोर म्हणाले, ‘तुमची साठी जवळ आली, म्हणून म्हाताऱ्यांचा कैवार घेता का?’

‘घेतो,’ मी म्हणालो. ‘त्या निकामी ठरल्या, तर त्यांच्याबरोबर मलाही काढा.’

साठी बुद्धी नाठी ही आपली म्हण मी त्यांना ऐकवली नाही. प्रतिपक्षाच्या हाती हत्यार कोण देतो?

हिरामेची चांगली अंडी पाण्यावर तरंगतात, वाया गेलेली तळाला बसतात. रोज सकाळी दोन्ही टाक्यांतली अंडी जाळीने काढून काचेच्या दोन उभ्या नळ्यांत घ्यायची, थोडे थांबायचे आणि पाहायचे. जुन्यांच्या नळीत वर जाड, पारदर्शक थर जमे. त्यातूनच निघालेली पिल्ले पूर्वेकडच्या ट्रकवर चढली, तेव्हा निरोपाच्या रांगेत मी सर्वांत पुढे उभा होतो. त्याचा मला आजही संकोच वाटत नाही.

मी हरकत घेतल्यावर प्रमुख आता म्हणतात की पिल्ले दोन्ही टाक्यांतली होती, आणि वयामुळे माझ्या आठवणीत गोंधळ झाला आहे. माझ्या आठवणीवर कोणी विसंबूच नये. केंद्राची दैनिक नोंदवही शाबूत आहे. त्या वसंतातल्या प्रत्येक पानावर तरुण माद्यांच्या टाकीपुढे ‘उबवणीस योग्य अंडी: नाहीत’ असे लिहिले आहे, आणि त्या प्रत्येक पानाखाली सहीऐवजी प्रमुखांच्याच नावाचा लाल शिक्का आहे.