अंगठा राह्यला

"हात दाखवा जी," असं म्हणत सिस्टर समोरच्याचा हात धरायच्या, पालथा करायच्या आणि अंगठ्याच्या मुळाशी पांढऱ्या गॉजचा तुकडा घासायच्या. मग तो उजेडात धरून सांगायच्या, "अंगठा राह्यला तुमचा." समोर शिकाऊ डॉक्टर असो, झाडूवाली मावशी असो की नातू बघायला आलेला गावचा सरपंच असो, निकाल ठरलेला. यवतमाळच्या त्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काम केलं आणि माझा अंगठा एकदाही पास झाला नाही.

तुम्ही म्हणाल, गॉजवर जंतू दिसतात का? नाही दिसत. मी प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, त्यामुळे हे त्यांना समजावून सांगायची खुमखुमी मला एकदा आली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मी राजूरची. बाप कोळशाच्या खाणीत होता. जेवाले बसायच्या आधी माय त्याच्या हातावर पांढरं फडकं फिरवे. सारा हात साफ, पण अंगठ्याच्या बुडाशी काळं राहेच. माणूस सगळं धुते अन् अंगठा इसरते." पुढे मी हातांचे नमुने घेऊन तपासले तेव्हा जंतूंची सगळ्यात जास्त वाढ अंगठ्यावरच निघाली. त्यानंतर मी त्यांना शास्त्र शिकवायच्या भानगडीत पडलो नाही.

आमचा वॉर्ड कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांचा. तिथं डॉक्टर मॅडमचं एक संशोधन चालू होतं. बाळ घरून आणत नाही, दवाखान्यात आल्यावर आमच्याच हातांनी त्याला लागते, ती लागण कशी थांबवायची, हा त्याचा विषय. सिस्टर कोपऱ्यात उभं राहून तक्ता भरायच्या. बाळाला हात लावण्याआधी धुतले का, लावल्यावर धुतले का, असे रकाने. शेवटचा रकाना होता, साबण आहे की नाही. या रकान्यावर त्यांचा फार जीव. 'साबण नव्हता' ही सबब त्यांनी आयुष्यभर ऐकली होती आणि ती त्यांना मुळापासून उपटायची होती. वॉर्डातल्या मावशींना त्यांनी बजावून ठेवलं होतं, "बाटली रिकामी दिसली तं माह्याशी गाठ आहे." त्या दिवसापासून बाटली कधीही रिकामी दिसली नाही. सिस्टर रोज तिथं ठसठशीत बरोबरची खूण करायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या.

बाळांच्या आयांनाही त्या हात धुवायला शिकवत. त्यात ढाणकी गावची एक विशीतली सून होती. वॉर्डात नावं कुणाला आठवतात, सगळे तिला ढाणकीवालीच म्हणत. तिच्या सासऱ्याचं बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. बाळ पहिलंच, मुलगी, एका ओंजळीत मावेल एवढी. ढाणकीवाली हात असे धुवायची की बघत राहावं. एकदा तिनं राउंडला आलेल्या मॅडमना अडवलं आणि म्हणाली, "मॅडम, अंगठा राह्यला." सगळा वॉर्ड हसला. मॅडमनी मुकाट्याने परत हात धुतले. सिस्टरांचा चेहरा त्या दिवशी आपली पोर शाळेत पहिली आल्यासारखा झाला होता.

आणि तरीही लागण वाढत होती. हे आम्हाला कुणालाच कळेना. पूर्वी कुणी हात धुवत नव्हतं तेव्हा होती त्यापेक्षा जास्त. रोज सकाळी वॉर्डात शिरताना एखादा पाळणा रिकामा दिसला की बाळ घरी गेलं की गेलं, हे विचारायची हिंमत होत नसे. सिस्टर तर जेवणाचा डबा न उघडताच परत न्यायला लागल्या. "कुठून येऊन राह्यलं हे, भाऊ?" एवढंच विचारायच्या. आम्ही नळ तपासले, वजनकाटा तपासला, स्टेथोस्कोप तपासले. काही नाही.

शेवटी मी हातांचे नमुने पुन्हा घेतले, धुण्याआधीचे आणि धुतल्यावरचे. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटा काढल्या तर धुण्याआधीचे हात बरे आणि धुतल्यावरचे जंतूंनी भरलेले. मला वाटलं, मी चिठ्ठ्या उलट लावल्या. इथं मला एक कबूल करायला हवं. मी ते कुणाला सांगितलं नाही. आपली फजिती होईल म्हणून गुपचूप सगळं पहिल्यापासून परत केलं. त्यात दोन दिवस गेले. दुसऱ्या खेपेलाही तेच आलं तेव्हा मी प्लेटा घेऊन वॉर्डाकडे पळालो. ढाणकीवालीचं बाळ त्याच सकाळपासून दूध ओढेनासं झालं होतं आणि अंगानं थंड पडत चाललं होतं.

सिस्टरांनी प्लेटा पाहिल्या. मग बेसिनजवळ गेल्या, साबणाची बाटली उचलून हलवली. साबण पाण्यासारखा खळखळला. त्यांनी मावशींना हाक मारली.

"मावशी, यात पाणी टाकता काय?"

"टाकते ना," मावशी सहज म्हणाल्या. "ष्टोअरातून साबण येतेच कुठं येळेवर? मंग थोडी राह्यली का मांगच्या डरमातलं पाणी टाकते. तुमीच तं म्हणता, बाटली खाली दिसली नाही पाह्यजे."

घरोघरी आपण शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून आठवडा काढतो, तेच मावशींनी केलं होतं. ती बाटली महिनोन्महिने कुणी धुतली नव्हती, कारण ती कधी रिकामीच झाली नव्हती, आणि त्या पातळ साबणात जंतू पोसले जात होते. जो जास्त वेळा हात धुवील, तो जास्त जंतू बाळापर्यंत नेत होता. मावशींच्या हळूहळू ध्यानात आलं तशा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची चुकी नाही. रकाना माहा होता."

ढाणकीवालीचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. त्या दोन दिवसांचा हिशेब मी आजही मनात करतो. लवकर सांगितलं असतं तर वाचलं असतं का, हे मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या टायमाले पहिल्याच दिवशी सांगा."

बाटल्या फेकल्या गेल्या, साबणाच्या मोजक्या वड्या आल्या, लागण उतरली. साबण संपला की सिस्टर आता तक्त्यात 'नाही' लिहायच्या, मोठ्या अक्षरात. अहवालात साबणाची गोष्ट त्यांनी स्वतःच्या चुकीसकट लिहायला लावली. मॅडमनीही ती लिहिली. प्रकरण तिथं संपलं असतं. पण महिन्याभराने ढाणकीवालीचा भाऊ मृत्यूचा दाखला घ्यायला आला आणि जाता जाता बोलून गेला, "सासू म्हनते, हिच्याच हातानं गेलं लेकरू. जावेच्या पोराले बी हात लावू देत नाही तिले."

सिस्टर लगेच मॅडमकडे गेल्या. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, घरी जाऊ नका. दुखणं उकरून काय मिळणार? आणि ते लोक चिडले तर?" सिस्टर म्हणाल्या, "चिडू द्या. त्या पोरीले मी हात धुवाले शिकवलं."

रविवारी आम्ही दोघं निघालो. उमरखेडला बस बदलली. मला वाटेत दोनदा वाटलं, उतरून परत जावं. लोक मारतील, व्हिडिओ काढतील, माझी कंत्राटी नोकरी जाईल, असं काय काय डोक्यात येत होतं. सिस्टर मांडीवर पर्स घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होत्या.

घर बाजाराच्या मागेच होतं. अंगणात सासू तूर पाखडत होती. जावेचा वर्षाचा पोरगा रांगत होता आणि ढाणकीवाली त्याच्यापासून चार हात दूर, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आम्हाला बघून तिनं हात पदराखाली घेतले. ते मला अजून दिसतं.

सिस्टर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आजी, तुमच्या सुनेचे हात आमच्या वार्डात साऱ्यात साफ होते. घाण साबणात होती. ते साबण आम्ही ठेवलं होतं. बाटली भरलेली ठेवा असं मी म्हटलं, पण आत काय भरून राह्यले हे मी पाह्यलं नाही. लेकरू आमच्यानं गेलं, हिच्यानं नाही."

सासूचं सूप थांबलं. "मंग आता सांगून काय होते बाई? लेकरू येते काय वापस?"

"नाही येत," सिस्टर म्हणाल्या. "पण हिच्या हातावरचा दोष तं जाईल."

मी चपलांकडे बघत होतो. पोरगं रांगत रांगत चौकटीपर्यंत गेलं आणि ढाणकीवालीचं लुगडं धरून उभं राहिलं. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं पाहिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. पोराला कुणी ओढलं नाही. थोड्या वेळाने सासू सूप खाली न ठेवताच म्हणाली, "पाहत काय उभी राह्यली? लांबून आले थे. हातावर पाणी दे त्यायच्या. चहा मांड."

न्हाणीजवळ साबणाची एक झिजलेली वडी होती. ढाणकीवालीनं तांब्या वाकवला आणि सिस्टरांनी हात पुढे केले. चार वर्षांत मी त्यांना कधी घाईत हात धुताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी कसेबसे तळवे चोळले आणि त्या पदराला पुसायला वळल्या.

सिस्टर आता निवृत्त होऊन राजूरला असतात. वॉर्डात नवीन माणसं आहेत, त्यांना हे काही ठाऊक नाही. मी मात्र बेसिनपाशी उभा राहिलो की मला ती न्हाणी दिसते, आणि तांब्या तसाच धरून उभी राहिलेली ढाणकीवाली.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली होती, "अंगठा राह्यला."

सिस्टरांनी दोन्ही हात परत तिच्यापुढे केले, आणि ती पाणी ओतत राहिली.