तुडूम उघडणारा टेकचंद

इसमाचे नाव: टेकचंद पटले, राहणार सिहोऱ्याजवळ. गुन्हा: धानाच्या पाण्यावरून चुलतभावाचा खून. तुरुंगातील वर्तणूक: समाधानकारक. शेरा: सदर इसमास पाण्याच्या वादापासून दूर ठेवावे.

चौदा वर्षांनी सुटून आलेला टेकचंद गावात मान खाली घालून वावरत होता. तलावाच्या सभेत नेहमीची शिवीगाळ सुरू झाली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "पाटाच्या शेवटाले जे बांधी हाये, तिले पयले पानी द्या. माही तलावाजवळ हाये, थे मंग भिजन."

धानाची ती शेवटची बांधी, शेवटचं खाचर, पुष्पाबाईचं, म्हणजे त्याच चुलतभावाच्या विधवेची. सगळ्यांच्या नजरा सभेत बसलेल्या पुष्पाबाईकडे वळल्या. ही नाही म्हणाली तर गाव सोडायचं, असं टेकचंदनं मनाशी ठरवलं.

भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायची रीत नाही. पुष्पाबाईनं पदर ओढला आणि सरपंचाला सांगितलं, "त्यायले म्हना, तुडूम तुमीच उघडा. बाकीचे नुसते भांडून राहिले."

तेव्हापासून तलावाचं पाणी सोडायचं तोंड, म्हणजे तुडूम, टेकचंदच उघडतो आणि पाळीच्या बांधावर तंबाखू मळत निवांत बसतो. गावातला पाण्याचा प्रत्येक वाद आता त्याच्याकडेच येतो.